मितानाचं नाव

क्षमाने फोनवर अट एकच घातली होती, पण ती गॅसची होती.

"घर कसं आहे, पाणी किती वाजता येतं, डास किती आहेत, यातलं मी काहीसुद्धा विचारत नाही," ती म्हणाली. "पण स्टोव्हला पंप मारत मी संसार करणार नाही. गॅस आला की सांग. दिवाळीच्या सुट्टीत देवश्रीला घेऊन येते, बघते, आणि मग आम्ही तिकडे राहायचं की नाही ते ठरवू."

यातला 'मग ठरवू' हा भाग स्वानंद दामल्यांना झोंबला. ते बँकेतले अधिकारी होते आणि लोकांना 'मग ठरवू' सांगायचं काम ते स्वतः करत. पण त्यांना लेकीची आठवण येत होती, बायकोची त्याहून जास्त येत होती, आणि स्टोव्हवर भाजलेल्या त्यांच्या पोळ्या नव्या राज्याच्या नकाशासारख्या होत होत्या. त्यांनी अट मान्य केली.

रायपूर राजधानी झालं तेव्हा बँकेलाही तिथे मोठं कार्यालय असावंसं वाटलं, आणि बढती घेऊन तिथे जायला पुण्यातून एकटे दामले तयार झाले. तयार झाले म्हणजे बढतीचा कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला नव्हता. नातेवाइकांनी त्यांना परदेशी चालल्यासारखा निरोप दिला. सासूबाईंनी पाणी शुद्ध करायच्या गोळ्या दिल्या. क्षमाच्या मामाने निम्मं आयुष्य कॅनडात काढलेलं, त्याने तिकडून मुद्दाम फोन करून समजावलं, "नवीन देशात एकच नियम पाळायचा. तिथली माणसं जे करतील ते हसतमुखाने आपणही करायचं, आणि ते काय होतं हे मागाहून विचारायचं." पुढचं सगळं या मामामुळे झालं, असं दामले आजही म्हणतात.

शहरात तेव्हा सगळंच नवीन आणि अर्धवट होतं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं. सरकारी पाट्यांवर 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ़' रंगवलं होतं, पण ऊन तिरपं झालं की खालचं जुनं राज्य वर दिसायचं. भोपाळहून आलेले साहेबलोक घरं शोधत फिरत होते आणि घरमालकांचे भाव सकाळी एक, संध्याकाळी एक असे होते. अशात दामल्यांना पुरानी बस्तीत पांडुरंग वाटकरांच्या घराचा वरचा मजला मिळाला. वाटकर रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे गोंदियाकडचे. मराठी घरमालक म्हटल्यावर दामल्यांना अर्धं पुणं गाठल्यासारखं वाटलं. वाटकरांनी जिन्यातच विचारलं, "काहून बा दामलेजी, सामान इतकंच? मंडळी नाही आली काय?" आणि त्या अर्ध्यातलंही अर्धं पुणं तिथेच कमी झालं.

गॅसची एजन्सी पंडरीत होती. काउंटरवर हिरालालबाबू बसत. कपाळाला टिळा, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्या माणसाकडे बघायची घाई अजिबात नाही. दामल्यांनी बँकेचं पत्र, पगाराचा दाखला आणि आपलं कार्ड असं सगळं एकाखाली एक मांडलं. हिरालालबाबूंनी कार्ड उलटं करून मागची कोरी बाजू वाचली आणि म्हणाले, "ये सब ठीक है। जमानतदार कहाँ है?"

दुसऱ्या गावातून आलेल्या माणसाला मोहल्ल्यातला जुना राहणारा जामीन लागे. तो नुसता सहीपुरता चालत नसे. त्याने एजन्सीत येऊन अर्जदाराचं नाव तोंडाने सांगायचं, आणि अर्जदाराने जामिनाचं सांगायचं. स्वतःचं नाव स्वतः सांगितलेलं धरत नसत. याला 'मौखिक पहचान' म्हणत, आणि हा नियम दुसऱ्या कुठल्याही एजन्सीत नव्हता.

"इथंच का?" दामल्यांनी घरी येऊन विचारलं.

वाटकरांनी पानाचा डबा पुढे ओढला. "माह्यामुळे," ते म्हणाले. "तुमच्या आधी वरती एक भाडेकरू होता. मी त्याची जमानत घेतली. नाव सांगे काही, निघालं काही. तो सिलिंडर घेऊन झारसुगुड्याले पळाला. तवापासून हा नियम आहे. मले तर आता एजन्सीच्या दारात उभं नाही करत."

म्हणजे वाटकर बाद झाले. शेजारचे धर्मपाल मेश्राम रेल्वेत गार्ड होते आणि युनियनचं काम करत. ते म्हणाले, "मी आलो असतो सर, पण माझे सगळे कागद रेल्वे कॉलनीच्या पत्त्यावर आहेत. नियमात बसणार नाही. आणि नियमात बसत नाही ते मी करत नाही." हे ते इतक्या सज्जनपणे म्हणाले की दामल्यांनी त्यांचे आभार मानले. मग सगळ्यांनी मिळून एकच माणूस सुचवला, कोपऱ्यावरचे चक्कीवाले भैया. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच, शब्दाला पक्के, आणि एजन्सीत त्यांना बघून हिरालालबाबू उभे राहतात म्हणे.

दामले त्यांना ओळखत होते. म्हणजे गहू दळायला जात. आपलेच गहू आपल्याला परत मिळतात का हे पाहायला दळण होईपर्यंत ते चक्कीसमोर उभे राहत, आणि भैयांना हे फार आवडे. त्यांना वाटे, हा साहेब आपल्याशी गप्पा मारायला थांबतो. धिप्पाड माणूस, भुवयांवर कायम पीठ, आणि हसला की पीठ खाली पडायचं. ओळख वाढवायची आणि मग हळूच जमानतीचं काढायचं, असा दामल्यांनी बेत केला.

ते गेले तो नेमका राखीनंतरचा दुसरा दिवस. तलावाकडून बायका-पोरी गाणी म्हणत परत येत होत्या. टोपल्यांत वाढवलेले गव्हाचे कोवळे, पिवळट अंकुर त्यांनी पाण्यात सोडले होते आणि थोडे हातात राखून घरोघर वाटत चालल्या होत्या. एकीने भैयांच्या हातात मूठभर अंकुर ठेवले. भैयांनी दामल्यांकडे पाहिलं, हसले, पीठ पडलं, आणि त्यांनी त्यातली एक जुडी दामल्यांच्या कानावर खोचली.

इथे दामल्यांची चूक काय झाली ते नीट सांगायला हवं, कारण त्यात त्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांच्या आजोळी दसऱ्याला घटातलं धान उपटून टोपीत नाहीतर कानावर खोचत. सगळेच सगळ्यांना खोचत आणि घरी जाऊन जेवत. त्यामुळे हा प्रकार आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटलं. शिवाय कोणी काही दिलं तर त्याची लगेच परतफेड करून मोकळं व्हायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं. आणि मामा. दामल्यांनी हसतमुखाने टाचा उंचावल्या, भैयांच्या मुठीतली दुसरी जुडी घेतली आणि ती त्यांच्या कानावर खोचली.

गाणी थांबली. भैयांनी चक्की बंद केली. मग एकदम कोणीतरी नारळ आणला, कोणीतरी गूळ आणला, भैयांची म्हातारी आई आतून आली आणि तिने दामल्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. भैयांचे डोळे भरून आले होते. ते दामल्यांना छातीशी धरून म्हणाले, "सीताराम, मितान!"

"सीताराम," दामले म्हणाले, आणि पिठाने पांढरे होऊन घरी आले.

"मितान बनले तुमी?" वाटकर खुर्चीतून उठले. त्यांच्या पत्नी शारदाकाकू पोळपाट टाकून बाहेर आल्या. मग दामल्यांना कळलं. भोजलीचे, म्हणजे त्या टोपल्यांतल्या गव्हाचे, अंकुर दोघांनी एकमेकांच्या कानावर खोचले की ते मितान होतात. सख्ख्या भावापेक्षा जवळचे. त्याची आई ती आपली फूलदाई. त्याच्या घरचं सुतक आपल्याला. नातं पुढच्या पिढीपर्यंत जातं. "लगनापेक्षा पक्कं," वाटकर म्हणाले. "लगन मोडते. हे मोडत नाही. आन एक ध्यानात ठेवा. आता एकमेकाचं नाव तोंडातून काढायचं नाही. जिंदगीभर. भेटलं की 'सीताराम मितान'. बस."

"पण मी गहू दळायला गेलो होतो," दामले म्हणाले.

वाटकरांनी ते ऐकलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. "तीस साल झाले मले इथं," ते जरा वेळाने म्हणाले. "लोक चांगले आहेत, कामाले येतात. पण माह्यासंग कोणी मितान नाही बनला. तुमाले येऊन चार महिने झाले. काही पुण्याईच लागते."

यापुढे, आपण ज्याच्याशी जन्माचं नातं जोडलं त्या माणसाचं नाव काय आहे हो, हे विचारणं दामल्यांना शक्य झालं नाही. कारण ते त्यांना माहीत नव्हतं. सगळे 'भैया' म्हणत, तेही 'भैया' म्हणत. आणि आता विचारायचं म्हणजे पंगतीत बसलेल्या नवरदेवाने नवरीचं नाव विचारण्यासारखं होतं.

तरी जमानतीचं काम सोपं झालं होतं. मितानांना नुसतं सुचवायचा अवकाश, ते म्हणाले, "मितान के चूल्हा नइ जरही, त मोर घर के कइसे जरही?" म्हणजे मितानाची चूल नाही पेटली तर माझी कशी पेटेल, आणि अंगावरचं पीठ झटकून तसेच निघाले. खरोखरच हिरालालबाबू उभे राहिले. दामल्यांना वाटलं, आता नाव कानावर पडेल आणि आपण सुटू.

"सीताराम, भैया," हिरालालबाबू हात जोडून म्हणाले. "बोलिए, आवेदक का नाम?"

मितानांनी हात जोडले. "मितान के नाँव नइ लेवँव, बाबू।"

हिरालालबाबूंनी पेन खाली ठेवलं. रांगेतले लोक पुढे सरकले. सगळ्यांचे डोळे दामल्यांकडे वळले.

"और आप?"

दामल्यांनी एक श्वास घेतला. "मैं भी नहीं लूँगा," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या खऱ्या वाक्यांपेक्षा ठाम निघालं.

रांगेतल्या एका बाईने पदराने डोळे टिपले. बाहेरचा माणूस, साहेब माणूस, आणि मितानाचा एवढा मान राखतो. हिरालालबाबूंनी चहा मागवला, स्वतःच्या हाताने कप दिला, आणि अर्ज परत दिला. "हमारे मन में आपके लिए बहुत इज्जत है," ते म्हणाले. "लेकिन नियम नियम है।"

दुसरा जामीन शोधायचा प्रश्नच मिटला होता. ज्यांना ज्यांना विचारलं ते कानाला हात लावत. मितान हयात असताना आपण जमानत घ्यायची म्हणजे भैयांच्या तोंडावर चिखल फेकायचा. आता एकच मार्ग होता, नाव शोधून काढायचं. दामल्यांचा हिशेब असा होता की, नाव कळलं की ते आपण सांगून टाकू. आपल्यावर काही इथल्या परंपरेचं बंधन नाही, आपण बाहेरचे. मितानांना वाईट वाटेल, पण ते समजून घेतील आणि गॅस येईल.

चक्कीवर पाटी होती. 'माँ महामाया आटा चक्की, प्रो.' इथवर ती स्पष्ट वाचता येई, आणि पुढच्या भागावर विजेचा मीटर बसवलेला होता. दामल्यांनी घरातल्या माणसांवर भिस्त ठेवली. मितानांची आई त्यांना 'बड़े' म्हणे, मुलं 'ददा' म्हणत, आणि बायको 'सुनत हव?' म्हणे. दामल्यांनी गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं मराठी मंडळाकडून आपण होऊन मागून घेतली, आणि बाकी कोणाकडे न जाता आधी चक्कीवर गेले. मितानांनी सढळ हाताने पैसे दिले आणि पावतीवर 'गुप्तदान' लिहायला सांगितलं.

मग मितानांच्या घरी नातवाची छठी, म्हणजे जन्मानंतर सहाव्या दिवशीचा सोहळा, झाली. पत्रिका छापल्या. गल्लीत प्रत्येकाला मिळाली, दामल्यांना नाही. "घरच्या माणसाले कोणी कारड देते काय?" वाटकर म्हणाले. दामल्यांनी सहज म्हणून त्यांची पत्रिका बघायला मागितली. शारदाकाकूंनी तिची सुरळी करून बाटलीत तेल ओतलं होतं. मजकूर सगळा शाबूत होता. निमंत्रकाच्या जागी तेल होतं. छठीला दामले मात्र पहाटेपासून घरच्या माणसासारखे राबले. पाहुण्यांत त्यांची ओळख 'वही, जिन्होंने एजन्सी में नाम नहीं लिया' अशी करून दिली जात होती, आणि म्हातारी माणसं उठून त्यांना बसायला जागा देत होती.

अडचण कुणाला सांगता येत नसली तरी सल्ले येतच होते. धर्मपाल मेश्रामांनी व्यवस्थापकांना लेखी अर्ज करायला सांगितलं आणि 'स्थानीय परंपरा तथा मौखिक पहचान में विसंगति' असं विषयाला शीर्षकही दिलं. अर्ज गेला, त्यावर 'चर्चा करें' असं लिहून आलं, पण कोणी कोणाशी चर्चा करायची ते त्यात नव्हतं. शारदाकाकूंची सूचना सगळ्यांत सोपी होती.

"उखाण्यात घ्या ना," त्या म्हणाल्या. "आमी काय नवऱ्याचं नाव असंच घेतो? उखाण्यात घेतलं तर दोष लागत नाही. मी करून देते ना. चक्कीवर दळले गहू, पिठाची झाली रास, अमुक भैयाचं नाव घेतो, आता द्या गॅस. अमुकच्या जागी तेवढं तुमी टाका."

"सुंदर आहे," दामले म्हणाले, आणि वर निघून गेले.

आश्विनात त्यांना ताप भरला. असा की कपाटाची दारं कुठे आहेत तेही दिसेना. कोणी सांगितलं कोण जाणे, मितान वर आले, त्यांनी दामल्यांना लहान मुलासारखं उचललं आणि रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. मलेरिया निघाला. मग चक्की बंद झाली. गल्लीच्या आठवणीत ती दिवाळीखेरीज बंद नव्हती, पण मितान दामल्यांच्या उंबऱ्यात बसून राहिले आणि फूलदाई तांदळाची पेज करून चमच्याने पाजत राहिली. ती मधूनच त्यांच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटे. दामल्यांना शब्द कळत नव्हते. पण त्यांची स्वतःची आई गेल्यापासून कपाळावर तसा हात कोणी ठेवला नव्हता, आणि ताप उतरल्यावरही तो आणखी थोडा वेळ असावा म्हणून ते डोळे मिटून पडून राहिले.

बरं वाटल्यावर त्यांना आधी आनंद झाला आणि लगोलग लाज वाटली. पुण्यात ते आजारी पडले असते तर शेजाऱ्यांनी फोन केला असता, तोही जेवायच्या वेळा सांभाळून. इथे एका माणसाने आपला धंदा बंद ठेवला, आणि त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. त्या दिवशी त्यांना ते नाव गॅससाठी नको होतं. नुसतंच हवं होतं.

दिवाळीला क्षमा आली. गॅस आला नसतानाही आली, कारण मलेरियाचं दामल्यांनी लपवलं होतं आणि शारदाकाकूंनी फोनवर सांगून टाकलं होतं. देवश्री आल्या दिवशीच फूलदाईच्या मांडीवर जाऊन बसली. क्षमाने स्टोव्ह पाहिला, पंप मारून पाहिला, भडका उडाला, आणि ती मागे सरून म्हणाली, "आता मला सगळं पहिल्यापासून सांग."

दामल्यांनी सांगितलं. दार लावून, आवाज खाली घेऊन, शेवटच्या गोष्टीसकट.

"नाव माहीत नाही?" क्षमा म्हणाली. "इतके महिने? अरे, विचारायचं!"

"कोणाला?"

"कोणालाही!" ती चपला घालून खाली गेली आणि चहा निवायच्या आत परत आली. मेश्रामांच्या बायकोला, मायाला, तिने सरळ विचारलं होतं. तिने सरळ सांगितलं होतं. क्षमाने ते नाव दामल्यांना सांगितलं. दामल्यांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. साधंच नाव होतं. त्यांना ते त्या माणसाला अगदी शोभणारं वाटलं, जरा मोठं, जरा जुन्या वळणाचं.

"झालं," क्षमा म्हणाली. "उद्या एजन्सीत जायचं, नाव सांगायचं, नंबर लावायचा. मी येते बरोबर. मला तुझा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी ते तिघे पंडरीला गेले. क्षमा, दामले, आणि कोणी न बोलावता बरोबर निघालेले मितान. या वेळी व्यवस्थापक स्वतः होते. ते भोपाळहून बदलून आलेले, त्यांचं कुटुंबही अजून तिकडेच, आणि ते या शहरावर एकूणच रागावलेले होते. धर्मपाल मेश्रामांच्या शीर्षकाचा तो अर्ज त्यांच्यासमोर होता.

"देखिए दामले साहब," ते म्हणाले. "आप पढ़े-लिखे आदमी हैं। बाहर के हैं। ये सब आप पर लागू नहीं होता। एक का बोलना भी मैं मान लूँगा। आप इनका नाम बोलिए, और सिलिंडर आज ही ले जाइए।"

दामल्यांनी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, सगळ्या अक्षरांसकट. त्यांनी सहज मितानांकडे पाहिलं. मितान त्यांच्याकडे बघत नव्हते. एवढा मोठा माणूस खाली मान घालून, शाळेत छडीची वाट बघणाऱ्या मुलासारखा, डोळे घट्ट मिटून उभा होता. हा साहेब आहे, याचं गॅसवाचून अडलंय, हा आता बोलणार, आणि बोलला तर मी काही म्हणणार नाही, असं त्या उभं राहण्यात सगळं होतं.

दामल्यांनी तोंड मिटलं. इतके दिवस नाव माहीत नव्हतं म्हणून ते घेता येत नव्हतं. आता माहीत होतं, आणि तरी घेता येईना.

"नहीं बोलूँगा," ते म्हणाले. मागच्या वेळेइतकं ठाम हे निघालं नाही. आवाज चिरकला, आणि क्षमासमोर चिरकला याचं त्यांना वाईट वाटलं. गॅस गेला होता. त्याबरोबर आणखी काय काय जाणार हे त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावर बघायचं टाळलं.

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला आणि ते क्षमाकडे वळले. "मॅडम, आप तो कल ही आई हैं। आप तो किसी की मितान नहीं, नाम तो मालूम होगा। आप ही बोल दीजिए, मैं घर की तरफ से मान लूँगा।"

क्षमाला मालूम होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मितानांकडे पाहिलं, आणि पर्स खांद्यावर नीट केली.

"मुझे नहीं मालूम," ती म्हणाली. "और गॅस की इतनी क्या जल्दी है? मैं तो स्टोव्ह पर ही बनाती हूँ। मुझे आवडतं... पसंद है।"

दामल्यांनी लग्नानंतर इतकं धडधडीत खोटं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मितानांनी डोळे उघडले.

मग कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. हिरालालबाबू पुढे आले, त्यांनी व्यवस्थापकांसमोरचा अर्ज आपल्याकडे ओढला, दोन पेनांतलं चांगलं पेन निवडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले. दोन्ही पक्षांनी एकमेकांचं नाव घेण्यास सर्वांसमक्ष नकार दिला. अनोळखी माणूस नाव सांगायला कचरत नाही, आधीच्या प्रकरणात तर त्याने खोटंही सांगितलं. येथे नकार आहे, सबब ओळख पक्की सिद्ध होते.

"साहब, यहाँ," ते म्हणाले आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचलं. त्यांना त्यात चूक सापडली नाही. ते या शहरावर पूर्वीपेक्षा जास्त रागावले आणि त्यांनी सही केली.

सिलिंडर मितानांनी स्वतः उचलला. रिक्षात चढवू दिला नाही, मागून सायकलवर बांधून घेऊन येतो म्हणाले. निघताना ते क्षमाला "सीताराम, मितानिन," असं म्हणाले, आणि क्षमाने, जन्मात कधी कोणाला केला नव्हता इतका वाकून, नमस्कार केला.

रिक्षा पंडरीच्या गर्दीतून बाहेर पडली. देवश्रीच्या शाळेचं इथे बघायला हवं, सत्र मध्येच असलं तरी, असं क्षमा काहीतरी म्हणाली. दामल्यांनी "हो" म्हटलं. मग क्षमाने मागे वळून पाहिलं. लांबवर सायकलवर लाल सिलिंडर हलत येत होता.

"नाव छान आहे पण," ती म्हणाली.

"कोणाचं?" दामले म्हणाले.